कापूस-काटा प्रकल्प: ‘कसं चालावं’ची वही

११ ऑगस्ट २०२५, राळेगाव तालुका, जि. यवतमाळ

शेतकरी उत्पादक कंपनीच्या ऑफिसात पहिली बैठक झाली. यंदापासून कंपनी गावातच कास्तकारांचा कापूस घेणार आणि एकत्र करून जिनिंगला, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याला देणार. मी त्यासाठी जे सॉफ्टवेअर बनवणार त्यानं काय काय करायचं याची यादी तासाभरात तयार झाली: सभासद नोंदणी, टोकन, वजन, ओलावा, कट्टी (भावातली कपात), पावती, चुकारा (कास्तकाराला द्यायचे पैसे). ही यादी लोकांनी भराभर सांगितली. हेच काम ते वर्षानुवर्षं वहीत करत आलेत.

मग मी विचारलं, हे सगळं चालायला कसं पाहिजे? उत्तरं आली: फास्ट, सोपं, सुरक्षित आणि कधीच बंद नाही पडलं पाहिजे. चारही शब्द लिहून घेतले. रात्री घरी वही उघडली तेव्हा लक्षात आलं की यातल्या एकाचीही चाचणी घेता येणार नाही. ‘फास्ट’ झालं की नाही हे कोण ठरवणार आणि कशावरून?

म्हणून या प्रकल्पासाठी वहीची पानं वाटून टाकली. डाव्या पानावर ‘काय करावं’, उजव्या पानावर ‘कसं चालावं’. उजव्या पानावर नुसतं विशेषण लिहायचं नाही. प्रत्येक ओळीत आकडा हवा, कोणत्या परिस्थितीत ते हवं आणि कोण तपासणार हेही हवं. अशा ‘कसं चालावं’च्या अटींना ‘नॉन-फंक्शनल रिक्वायरमेंट’ म्हणतात, पण हा आमच्या धंद्यातला शब्द मी बैठकीत काढलाच नाही. नॉन-फंक्शनल म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, काहीतरी बिघडलंय.

१९ ऑगस्ट

‘बंद नाही पडलं पाहिजे’ या ओळीवर अध्यक्ष काकाजींशी बसलो. मी हिशेब मांडला. हंगाम साधारण १२० दिवसांचा, रोज १० तास काटा, म्हणजे १,२०० तास. ९९ टक्के वेळ सुरू राहायचं म्हटलं तर अख्ख्या हंगामात १२ तास बंद. ९९.९ टक्के म्हटलं तर सव्वा तासाच्या आत, पण खर्च कितीतरी जास्त: दुसरा संगणक, दुसरं नेट, मोठा इन्व्हर्टर.

काकाजींनी कागद पाहिला, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, “बाबू, ते बारा तास कोनते? दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारचे असले त मंग? चाळीस गाड्या रस्त्यावर लागल्या राह्यतीन. कास्तकार भरली गाडी घेऊन कुठी जाईन?”

टक्केवारीचं हे गणित मी आजवर किती प्रस्तावांत लिहिलंय. बारा तास हंगामभर थोडे थोडे गेले काय आणि गर्दीच्या दिवशी सलग गेले काय, आकडा तोच राहतो. गाडीभाडं देऊन आलेल्या माणसासाठी दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. ओळ नव्यानं लिहिली:

“काट्यावर गाडी असताना वजन आणि पावती सलग १० मिनिटांपेक्षा जास्त थांबणार नाही. नेट नसलं तरी चालेल, लाईट नसली तरी २ तास चालेल. चुकाऱ्याचा भाग एक दिवस बंद राहिला तरी चालेल. तपासणार: अध्यक्ष.”

शेवटच्या वाक्यामुळे बराच खर्च वाचला. सगळ्याच गोष्टी सारख्या अखंड लागत नाहीत. वजन आणि पावती जागेवरच्या संगणकात, बाकी सगळं नेट आलं की वर जाईल.

२२ ऑगस्ट

पोळा. काम बंद. संध्याकाळी तोरणाखाली मापारी दादा भेटले. वजनाला किती वेळ चालेल असं सहज विचारलं. ते म्हणाले, “एक गाठोडं काट्यावर असते तवा दुसरं हमालाच्या खांद्यावर असते. तू थांबवलं त तो खांद्यावर घेऊन थांबते.”

पडद्यासमोर बसलेल्या माणसाचं लक्ष दहा सेकंदांनी सुटतं असा आमच्याकडचा जुना ठोकताळा आहे. खांद्यावर चाळीस किलो घेतलेल्या माणसाला तो लागू नाही. उजव्या पानावर लिहिलं: काट्याचा आकडा स्थिर झाल्यापासून २ सेकंदांत माप नोंदलं गेलं पाहिजे, शंभरातल्या पंच्याण्णव मापांना. उरलेल्या पाचांनाही ५ सेकंदांवर जाता कामा नये. तपासणार: मापारी दादा. सरासरी मुद्दाम धरली नाही. सरासरी काढली की एखादं वीस सेकंदांचं माप त्यात बुडून जातं, पण ते गाठोडं कोणाच्या तरी खांद्यावर असतंच.

४ सप्टेंबर

पावतीचा छोटा थर्मल प्रिंटर आला, ५८ मिलिमीटर रोलचा. त्याला मराठी अक्षरं स्वतः जोडता येत नाहीत. जोडाक्षर फुटतं, वेलांटी भलतीकडे जाते. म्हणून ओळ आधी चित्र म्हणून बनवायची आणि ३८४ ठिपके रुंदीत बसवून पाठवायची. जमलं.

नावं शोधण्यातही असाच घोळ निघाला. ‘ऱ्हा’मधला ऱ दोन तऱ्हांनी साठवला जातो, एका कोडनं किंवा र आणि खालचा नुक्ता मिळून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, शोधताना मात्र एक सापडतो आणि एक नाही. सगळी नावं साठवताना आणि शोधताना एकाच साच्यात आणायची, म्हणजेच युनिकोडचं नॉर्मलायझेशन. दोन तासांचं काम, पण केलं नसतं तर एकाच कास्तकाराची दोन खाती झाली असती.

१० सप्टेंबर

काही सुटू नये म्हणून आयएसओ/आयईसी २५०१० हे मानक समोर घेऊन बसलो. २०११ च्या आवृत्तीत सॉफ्टवेअरच्या गुणांचे आठ गट होते. २०२३ च्या आवृत्तीत नऊ झाले, जीविताची आणि मालमत्तेची सुरक्षितता वेगळा गट म्हणून आली. एकेक गट घ्यायचा आणि काट्यावर त्याचा काय अर्थ होतो ते विचारायचं, असा दिवस गेला. निम्म्या गटांखाली लिहिण्यासारखं निघालं. बाकीचे रिकामे सोडले. जागा आहे म्हणून भरलेली अट पुढे कोणी तपासत नाही.

२६ सप्टेंबर

ओलाव्याची नोंद. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव मिळतो, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत भाव त्याच टक्क्यांनी कमी होत जातो आणि त्याहून ओला कापूस घेतला जात नाही. कंपनीनं हेच कोष्टक ठेवलंय. आज काट्याच्या संगणकावर बसणाऱ्या ऑपरेटर ताईंकडून सराव करून घेतला. ८.५ ऐवजी ८५ पडलं तर सॉफ्टवेअर अडवतं. पण ८.९ ऐवजी ९.८ पडलं तर? दोन्ही आकडे बरोबरच दिसतात. ७,१०० रुपये भाव धरला तर या चुकीत कास्तकाराचे क्विंटलमागे जवळपास ६४ रुपये जातात.

ही चूक संगणकाला कळणार नाही. ती समोर उभ्या कास्तकारालाच कळू शकते, कारण मीटरचा आकडा त्यानं पाहिलेला असतो. म्हणून दुसरा पडदा त्याच्याकडे तोंड करून लावायचा ठरलं. अट: १५ फुटांवरून, दुपारच्या उन्हात, चष्म्याशिवाय वजन आणि ओलावा वाचता आला पाहिजे. पिवळ्यावर पांढरी अक्षरं असा माझा पहिला आराखडा तीन म्हाताऱ्या कास्तकारांनी तिथल्या तिथे नापास केला. पांढऱ्यावर ठळक काळे आकडे केले, एका वेळी दोनच. अक्षर आणि पार्श्वभूमीचा फरक वेबच्या सुगम्यता मानकात कडक पातळीला ७ ला १ लागतो. आमचा त्याच्या बराच वर गेला.

९ ऑक्टोबर

संगणक बिघडला तर? मी नागपूरला असतो, यायला अर्धा दिवस जातो. अट लिहिली होती: ऑपरेटर ताई एकट्यानं, कागदावर लिहिलेल्या सूचना वाचून, जुन्या लॅपटॉपवर पेन ड्राइव्हमधून सगळं ३० मिनिटांत पुन्हा उभं करतील. आज तालीम. मी बाहेर बाकड्यावर बसलो, फोन बंद.

५२ मिनिटं लागली. सहाव्या सूचनेत मी लिहिलं होतं, ‘बॅकअप रिस्टोर करा.’ ताई म्हणाल्या, “भाऊ, हेच त मले करता येत नाही, म्हनून त कागद वाचून राह्यली.” त्या एका ओळीच्या आता अकरा ओळी झाल्यात, प्रत्येक बटणाचं चित्र सोबत. पुढची तालीम हंगामात.

३ नोव्हेंबर

काटा सुरू झाला. पहिल्या गाडीला नारळ फोडला. दिवसभरात २३ गाड्या, सर्वांत हळू माप १.६ सेकंद. मापारी दादांनी वहीत सही केली.

१२ नोव्हेंबर

आज वाईट झालं.

दुपारी चारच्या सुमारास लाईट गेली. यूपीएसनं दोन तास द्यायचे, त्यानं तीन सेकंदांत मान टाकली. बॅटरी ज्या दुकानातून घेतली तिथं नवी म्हणून दिली होती, पण होती जुनी. लाईट आल्यावर ताईंचा फोन: “भाऊ, पावतीवर पाच मापं हायेत, कंप्युटरात दोनच दिसते.”

गेलेली तीन मापं, प्रत्येकी चार-पाच गाठोड्यांची, अशी: १७८.४, १८१.२ आणि १६९.६ किलो. एकूण ५२९.२ किलो, म्हणजे आजच्या ७,१०० भावानं साडेसदतीस हजार रुपये. कास्तकाराच्या हातात रोलची पट्टी होती म्हणून कळलं. तो तिथंच उभा होता, पट्टी घट्ट धरून. भांडला नाही. एवढंच म्हणाला, “कागद हाय न माह्याजवळ?” ताईंनी हातानं नोंद केली, काकाजींनी सही केली. मी नागपूरहून निघालो आणि रात्री पोचलो.

१३ नोव्हेंबर

कारण सापडलं आणि ते बॅटरीच्या आधीचं आहे.

डेटाबेस म्हणून आम्ही एसक्यूलाइट वापरतो, वॉल (WAL) पद्धतीनं, म्हणजे बदल आधी वेगळ्या फाइलमध्ये जातो आणि नंतर मुख्य फाइलमध्ये. त्यात ‘सिंक्रोनस’ नावाची एक सेटिंग असते. ती ‘फुल’ ठेवली तर प्रत्येक नोंद डिस्कवर उतरल्याची खात्री करूनच पुढे जाते. ‘नॉर्मल’ ठेवली तर ती खात्री दर नोंदीला करत नाही. लाईट गेली तरी फाइल खराब होत नाही, पण शेवटच्या काही नोंदी जाऊ शकतात. हे त्यांच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलंय आणि मी ते वाचलेलं होतं. ऑगस्टमध्ये २ सेकंदांची अट डोक्यात होती म्हणून मी ‘नॉर्मल’ निवडलं.

आज पहिल्यांदा मोजलं. त्याच जुन्या डिस्कवर ‘फुल’ ठेवल्यानं दर मापामागे सरासरी ४० मिलिसेकंद जास्त जातात. दोन सेकंदांत ४० मिलिसेकंद म्हणजे पन्नासावा भाग. न मोजताच मी वेगासाठी टिकाऊपणा सोडून दिला होता, आणि तो वेग कोणी मागितलाही नव्हता.

त्याहून महत्त्वाचं हे की उजव्या पानावर ‘पावतीवर छापलेलं माप कधीही हरवणार नाही’ अशी ओळच नव्हती. ऑगस्टच्या बैठकीत कोणी ती बोललं नाही. कोण बोलेल? काट्यावर चढलेलं माप वहीतून आपोआप पुसलं जाईल हे आजवर कोणाच्या स्वप्नातही आलेलं नाही. ज्या गोष्टीशिवाय सगळं व्यर्थ आहे ती इतकी गृहीत असते की मागणीच्या यादीत येतच नाही. ती खणून काढायचं काम माझं होतं.

बदल: सिंक्रोनस ‘फुल’. डिस्कची स्वतःची लिहिण्याची कॅश (लिहायचं ते आधी तात्पुरतं धरून ठेवणारी जागा) बंद. आणि डेटाबेसकडून ‘उतरलं’ असा निरोप आल्याशिवाय पट्टीवर ओळ छापली जाणार नाही. मग चालू मापाच्या मधोमध ५० वेळा भिंतीतला प्लग उपटला आणि दरवेळी पट्टी आणि नोंदी ताडून पाहिल्या. पन्नासही वेळा पट्टीवरची प्रत्येक ओळ संगणकात होती. प्लग ताईंनी उपटला, कधी उपटणार हे मला न सांगता. यूपीएसला नवी बॅटरी, आणि दर पंधरवड्याला लाईट असतानाच मेन बंद करून ती किती टिकते ते बघायचं.

१५ नोव्हेंबर

सकाळी रांगेतल्या कास्तकारांना नवाच प्रश्न विचारत फिरलो: काय झालं तर तुम्ही पुन्हा या काट्यावर येणार नाही? ‘तुम्हाला काय पाहिजे’ या प्रश्नाला भाव, पाणी, सावली अशी उत्तरं येतात. या प्रश्नाला लोक थांबून, विचार करून बोलतात.

एक म्हणाला, वजन एकदा सांगून मागून बदललं तर. दुसऱ्याचं म्हणणं, चुकारा दुसऱ्याच्याच खात्यात गेला तर. एका बाईंनी आवाज खाली घेतला. त्यांच्या मालकांवर सोसायटीचं थकलेलं कर्ज आहे. “कापसाचे किती पैसे आले हे गावात कळलं त बरं नाही, भाऊ.”

त्या रात्री उजव्या पानावर तीन ओळी वाढल्या. वजन दुरुस्त करायचं तर जुना आकडा खोडला जाणार नाही, दोन्ही दिसतील, कोणी आणि का बदलला हेही. बँक खातं बदलायला दोन माणसांची मंजुरी, आणि बदलल्यावर जुन्या मोबाइल नंबरवर निरोप. पावतीवर आणि कास्तकाराच्या पडद्यावर रुपये नाहीत, फक्त वजन आणि ओलावा. रकमेचा कागद मागितला तरच, घडी घालून.

शेवटची ओळ मला कुठल्याही मानकातून सुचली नसती. त्या पडद्यावर वजन-ओलाव्यानंतर मी रक्कमही मोठ्या आकड्यांत दाखवत होतो, पंधरा फुटांवरून वाचता येईल अशी. पारदर्शकतेसाठीच केलं होतं, आणि त्या बाईंना त्याचीच भीती होती.

२४ नोव्हेंबर

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम याच महिन्यात अधिसूचित झाले. ते टप्प्याटप्प्यानं लागू होणार असल्यानं वेळ आहे, पण संचालकांना आजच मुद्दे समजावले. पासबुकचे फोटो व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मागवणं बंद. आधीचे फोटो सगळ्यांच्या मोबाइलमधून ताईंनी समोर बसवून काढायला लावले. एक पासवर्ड चौघांत होता, तो आता प्रत्येकाचा वेगळा.

१ डिसेंबर

संगणकाचं घड्याळ सकाळी थेट जुन्या कुठल्यातरी वर्षाच्या १ जानेवारीवर गेलं होतं. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपलेला. बदलला. आता घड्याळ शेवटच्या पावतीच्या मागे गेलेलं दिसलं तर सॉफ्टवेअर काटा सुरू करण्याआधी तारीख विचारतं.

८ डिसेंबर

गेल्या आठवड्यात एक आजोबा चुकाऱ्याची चौकशी करायला आले. पावती पत्र्याच्या डब्यात जपून ठेवलेली, डबा चुलीवरच्या फळीवर. पट्टी पूर्ण काळी. थर्मल कागदावर शाई नसते, उष्णतेनंच अक्षर उमटतं, त्यामुळे चुलीच्या धगीनं सगळी पट्टीच उमटली. घरात सर्वांत सांभाळायच्या वस्तू जिथं ठेवतात तिथंच त्यांनी ती ठेवली होती. नोंद संगणकात होती, पैसेही निघाले होते. पण १२ नोव्हेंबरला आमची लाज राखली ती कास्तकाराच्या हातातल्या कागदानंच. तो कागद महिनाभर टिकत नसेल तर आमचा शेवटचा आधारच कच्चा आहे.

नवी ओळ: पावती घरात कुठंही ठेवली तरी एक वर्ष वाचता आली पाहिजे.

म्हणजे शाईच्या फितीचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. पण त्यावर मराठी चित्र म्हणून छापायला पूर्ण पावतीला ४० सेकंद लागले. टिकाऊपणा घ्यावा तर रांग अडते. दोन दिवस यावर अडलो. वाट मापारी दादांच्या जुन्या पावती-पुस्तकात सापडली: मराठी मजकूर छापखान्यातून आधीच छापून आणायचा आणि प्रिंटरनं फक्त आकडे भरायचे, ते त्याच्या स्वतःच्या इंग्रजी अंकांत. मोबाइलमुळे ते अंक सगळ्यांना वाचता येतात, रांगेत विचारून खात्री केली. नावाची एकच ओळ चित्र म्हणून. एकूण ७ सेकंद, आणि तेही शेवटचं माप झाल्यावर, खांद्यावर कोणाच्या काही नसताना. खाली कार्बनची प्रत कंपनीकडे राहते.

यावेळी निर्णय मी एकट्यानं घेतला नाही. वेग, टिकाऊपणा आणि खर्च असे तिन्ही आकडे समोर ठेवले, ठरवलं संचालकांनी.

११ जानेवारी २०२६

आवक ओसरली, दिवसाला आठ-दहा गाड्या. लॅपटॉपवर उभं करायची तालीम पुन्हा घेतली. मी त्याच बाकड्यावर, फोन बंद. ताई २४ मिनिटांत बाहेर आल्या, हातात नव्या पावतीचा कागद. मी कार्बन प्रतीशी ताडून पाहिला, बरोबर होता.

मग त्यांनी माझ्या हातातून वही घेतली, उजवं पान उघडलं आणि स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली: “मी सुट्टीवर असली तरी काटा चालला पाहिजे.” तपासणाऱ्याच्या रकान्यात त्यांनी अध्यक्ष लिहिलं. आकड्याची जागा रिकामी ठेवून मला विचारलं, “भाऊ, यात किती लिहू?”

फेब्रुवारीत त्यांच्या बहिणीचं लग्न आहे, आठ दिवस त्या नसतील. आठ लिहिलं. उद्यापासून मापारी दादांची मुलगी रोज दुपारी तीन ते पाच त्यांच्याजवळ बसणार आहे.